क्रॉसबोच्या बाणांचे स्पाइन इंडेक्सिंग : गेजवर दिसते ती ताठ बाजू खरी, की दांडीचा बाक?

शरसंधान :

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कंपाउंड क्रॉसबोसाठी २० इंची कार्बनचे १२ बाण आहेत. सर्व बाण एकाच खोक्यातील असून त्यांच्यावर ३०० स्पाइन (दांडीच्या ताठपणाचा आकडा) छापलेला आहे. क्रॉसबो टेबलावर टेकवून ४० यार्डांवर नेम धरला असता दहा बाण तळहातात मावतील इतक्या जागेत एकत्र लागतात. क्रमांक ४ चा बाण मात्र दर वेळी साधारण ४ सेंटीमीटर खाली जातो आणि क्रमांक ९ चा ६ सेंटीमीटर उजवीकडे जातो. प्रत्येक बाणावर क्रमांक घालून सराव करीत असल्यामुळे हा योगायोग नाही एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

स्पाइन इंडेक्सिंगविषयी, म्हणजे प्रत्येक बाणाची ताठ बाजू शोधून ती एकाच दिशेला ठेवण्याविषयी, वाचल्यानंतर मी घरीच एक मापनयंत्र तयार केले. १८ इंच अंतरावर बेअरिंगच्या दोन जोड्या, मधोमध टांगलेले ८८० ग्रॅमचे वजन आणि त्यावर ०.०१ मिलिमीटर अचूकतेचा डायल गेज, अशी त्याची रचना आहे. बाण हळूहळू फिरवत गेल्यास काटा १.९१ ते २.१३ मिलिमीटर या दरम्यान हलतो. जेथे आकडा सर्वांत कमी तेथे दांडी सर्वांत ताठ, असे गृहीत धरून मी त्या जागी खूण केली. जवळजवळ प्रत्येक बाणात सर्वांत ताठ बाजूच्या बरोबर समोर, म्हणजे १८० अंशांवर, सर्वांत लवचिक बाजू आढळली. त्यानंतर सर्व नॉक (बाणाच्या मागच्या टोकाचे, दोरी टेकते ते खाचेचे तुकडे) फिरवून ताठ बाजू वर राहील अशी व्यवस्था केली, परंतु ग्रुपमध्ये, म्हणजे बाण एकत्र लागण्यात, काडीचाही फरक पडला नाही. उलट आधी एकत्र लागणारे दोन बाण थोडे बाहेर गेल्यासारखे वाटले.

माझे मोजमाप चुकते आहे, की क्रॉसबोच्या आखूड बाणांना या खटाटोपाचा मुळातच उपयोग नसतो? पुढील बाण सुटी दांडी घेऊन स्वतः बांधण्याचा विचार आहे, त्यामुळे सुरुवात कोठून करावी हेही जाणकारांनी सांगावे.

मापनवेडा :

आपण मोजमाप काळजीपूर्वक केले आहे, चूक अर्थ लावण्यात झाली आहे, आणि तिचा सुगावा आपल्याच एका वाक्यात आहे. सर्वांत ताठ बाजूच्या बरोबर समोर सर्वांत लवचिक बाजू आढळते असे आपण लिहिले आहे. ताठपणातील फरक अशा रीतीने कधीही दिसत नाही.

एखादी लाकडी पट्टी डोळ्यांसमोर आणा. ती रुंद बाजूवर आडवी ठेवली तर सहज वाकते आणि कडेवर उभी धरली तर वाकत नाही. हीच पट्टी उलटी करून पुन्हा आडवी ठेवली तर ती पहिल्याइतकीच वाकते. म्हणजे कोणत्याही दांडीचा ताठपणा ० आणि १८० अंशांना सारखाच असतो, आणि सर्वांत ताठ व सर्वांत लवचिक दिशा एकमेकींपासून ९० अंशांवर असतात. दांडी एक पूर्ण फेरा फिरवली की खऱ्या ताठपणाचा आकडा दोनदा चढला पाहिजे आणि दोनदा उतरला पाहिजे. आपला आकडा एका फेऱ्यात एकदाच चढतो आणि एकदाच उतरतो, आणि हे लक्षण दांडीतील बाकाचे आहे. किंचित वाकलेली दांडी बेअरिंगवर फिरवली की तिचे पोट एकदा वर येते आणि एकदा खाली जाते, मग तिच्यावर वजन टांगलेले असो वा नसो.

आता आकड्यांकडे पाहू. स्पाइनचे प्रचलित माप २८ इंच अंतरावर आधार देऊन आणि मधोमध ८८० ग्रॅम, म्हणजे १.९४ पौंड, वजन टांगून घेतात. मधल्या जागी पडणारा झोल इंचांत मोजून त्याला हजाराने गुणले की स्पाइनचा आकडा मिळतो. त्यामुळे ३०० स्पाइन याचा अर्थ ०.३०० इंच झोल असा होतो. क्रॉसबोचा बाण मुळातच २८ इंचांपेक्षा आखूड असतो, म्हणून आधारांमधील अंतर कमी करावे लागते, आणि झोल अंतराच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. १८ भागिले २८ याचा घन सुमारे ०.२६६ येतो. त्याला ०.३०० इंचांनी गुणले की ०.०८ इंच, म्हणजे २ मिलिमीटरच्या आसपास झोल अपेक्षित धरावा लागतो. आपला आकडाही तितकाच येतो, त्यामुळे आपले यंत्र उत्तम चालते आहे याबद्दल शंका नको.

या २ मिलिमीटर झोलात ताठपणाचा ५ टक्के फरक असला तरी काटा केवळ ०.१ मिलिमीटर हलेल. याउलट दांडीची सरळता अधिक-उणे ०.००३ इंच असल्याचे खोक्यावर छापलेले असेल, तर फक्त बाकामुळेच काटा एका फेऱ्यात ०.१५ मिलिमीटरपर्यंत हलू शकतो, आणि अधिक-उणे ०.००६ इंच असेल तर ०.३० मिलिमीटरपर्यंत. आपण जो फरक शोधता आहात त्याच्यापेक्षा त्याला झाकणारा गोंधळच मोठा आहे. लांब बाणांच्या बाबतीत झोल कितीतरी जास्त असल्यामुळे ही अडचण एवढी जाणवत नाही. म्हणूनच लांब बाणांसाठी सांगितलेली पद्धत क्रॉसबोच्या बाणांना जशीच्या तशी लावली की फसगत होते.

यावर उपाय सोपा आहे. दांडीवर दर ३० अंशांना बारीक खूण करावी. आधी वजन न टांगता बाराही ठिकाणचे आकडे लिहून घ्यावेत, मग गेज न हलवता वजन टांगून तेच आकडे पुन्हा घ्यावेत आणि प्रत्येक खुणेसाठी दुसऱ्यातून पहिला वजा करावा. उरतो तो निव्वळ झोल. पडताळा म्हणून समोरासमोरच्या खुणांचे निव्वळ आकडे जुळतात का ते पाहावे. ते जुळले नाहीत तर बेअरिंगवर धूळ आहे, वजनाची आकडी सरकते आहे किंवा वजन झुलते आहे असे समजावे. ही सर्व मोजणी तीनदा करावी, आणि एकाच खुणेवर तिन्ही वेळा मिळून ०.०२ मिलिमीटर फरक येत असेल तर त्याहून लहान फरकाला ताठ बाजू म्हणू नये.

हा फरक मुळात येतो कोठून, तर बहुतेक कार्बनच्या दांड्या राळेत भिजलेले कार्बनचे कापड पोलादी सळईवर गुंडाळून आणि भाजून तयार करतात. कापडाची कड जेथे कडेवर चढते तेथे थर एकाने वाढतो. भिंतीच्या जाडीतला हा लहानसा असमतोल म्हणजेच आपण शोधतो ती दिशा. चांगल्या दांडीत तो इतका कमी असतो की घरच्या गेजवर दिसतही नाही, आणि तसे आढळल्यास ती दांडी इंडेक्स करण्याची गरजच नाही असे समजून मी पुढे जातो.

अर्धचंद्र :

मापनवेडा यांचे विवेचन पटले. फक्त नॉक फिरवण्याबाबत एक सावधगिरीची सूचना करतो, कारण येथे चूक झाली तर प्रश्न नेमाचा राहत नाही. क्रॉसबोमध्ये वेगळ्या रंगाचे पीस रेलवरील (बाण ज्यावरून सरकतो त्या पट्टीवरील) खोबणीत बसते आणि अर्धचंद्राकृती नॉकची खाच दोरीच्या समांतर, म्हणजे आडवी, यावी लागते. नॉक आणि पीस यांचे नाते जरा जरी बिघडले तरी दोरी खाचेत बसण्याऐवजी नॉकच्या काठावर टेकते. मग ती बाणाच्या वरून किंवा खालून निसटते आणि क्रॉसबोला रिकाम्या दोरीचा, म्हणजे बाणाशिवाय दोरी सुटल्याचा, झटका बसतो. त्यामुळे इंडेक्सिंग करताना नॉक एकटा फिरवायचा नसतो, कोणते पीस खोबणीत जाणार हेही त्याच्याबरोबरच बदलावे लागते. सपाट, अर्धचंद्र, पकड असलेला किंवा अनेक खाचांचा, यांपैकी कोणता नॉक चालेल हे आपल्या क्रॉसबोच्या पुस्तिकेत दिलेले असते, त्याच्याबाहेर प्रयोग करू नयेत.

यात एक गंमतही आहे. पिसे १२० अंशांवर तीन असतात आणि ताठपणाची दिशा १८० अंशांनी पुन्हा तीच येते. त्यामुळे तिन्ही पिसे आळीपाळीने खोबणीत ठेवून पाहिली तर ताठ दिशा दर ६० अंशांच्या टप्प्याने तीन वेगवेगळ्या स्थितींत मिळते. म्हणजे तयार बाणाची पिसे खरवडून न काढताही आपण हव्या त्या दिशेच्या ३० अंशांच्या आत पोहोचू शकतो. नॉक डिंकाने चिकटवलेला नसावा एवढीच अट आहे. पिसाचा रंग जुळत नसेल तर खोबणीत जाणाऱ्या पिसावर पेनने ठिपका द्यावा.

जुनादोर :

पाण्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून मीच करतो. अनेक जण दांडीची दोन्ही तोंडे बंद करून ती पाण्यावर तरंगत ठेवतात आणि जी बाजू वर येते ती खूण म्हणून घेतात. मीही बराच काळ असेच केले. पाणी सांगते ते जड बाजू कोणती हे, ताठ बाजू कोणती हे नव्हे. कापडाचा थर जेथे चढतो तेथे दोन्ही गोष्टी एकत्र येण्याची शक्यता असते, त्यामुळे ही पद्धत अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु राळ एका बाजूला जास्त साचली असेल तरी ती बाजू खाली जाते, आणि राळेमुळे दांडी फारशी ताठ होत नाही. पिसे लावलेल्या बाणावर तर हा प्रयोग करूच नये, कारण मग आपण पिसांचे आणि डिंकाचे वजन मोजत बसतो. गेज हाताशी असताना पाण्याच्या नादी लागण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरा मुद्दा दोरी खेचण्याचा. दोन्ही हातांनी खेचलेली दोरी दर वेळी अगदी मध्यावर अडकतेच असे नाही, आणि ती एका बाजूला थोडी जरी सरकली तरी बाण आडवा भरकटतो. खेचण्याचा दोर वापरा, आणि दोरी सैल असताना रेलच्या दोन्ही कडांशी तिच्यावर रंगीत खुणा करून ठेवा. दोरी चढल्यानंतर दोन्ही खुणा कडांपासून सारख्या अंतरावर दिसल्या नाहीत तर ती फेक हिशेबात धरू नका. क्रमांक ९ चा बाण दर वेळी उजवीकडेच जात असल्यामुळे आपल्या बाबतीत दोष बाणाचा असावा, परंतु ही शंका आधीच फिटलेली बरी.

शरसंधान :

सर्वांचे मनापासून आभार. लाकडी पट्टीचे उदाहरण वाचून स्वतःवरच हसू आले. वजन काढून पुन्हा मोजले तेव्हा बहुतेक बाणांचा काटा रिकाम्या स्थितीतच ०.१४ ते ०.१८ मिलिमीटर हलताना दिसला. म्हणजे इतके दिवस मी बाकालाच ताठपणा समजत होतो आणि त्यानुसार मोठ्या निष्ठेने नॉक फिरवत होतो. नॉक फिरवताना पिसांकडे लक्ष दिले होते, त्यामुळे अर्धचंद्र यांनी सांगितलेला धोका सुदैवाने टळला होता.

वजाबाकी केल्यानंतर दहा बाणांत निव्वळ झोलाचा फरक ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर निघाला. माझी मोजणी तीन वेळा केल्यास साधारण ०.०२ मिलिमीटरच्या आत जुळते, त्यामुळे या दहांबद्दल ठामपणे काही म्हणता येत नाही. क्रमांक ४ चा फरक मात्र ०.०९ मिलिमीटर आहे आणि तो एका फेऱ्यात दोनदा चढतो-उतरतो. क्रमांक ९ मध्ये असे काहीच नाही, तो इतर दहांसारखाच आहे. वजनात क्रमांक ४ इतरांपेक्षा ५ ग्रेन (१ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) जड आहे, बाकीचे ४१० ग्रेनच्या अलीकडेपलीकडे २ ग्रेनमध्ये आहेत. खाली जाण्याचे कारण हे वजनच असेल का?

मापनवेडा :

वजनाचा हिशेब करून पाहू. बाणाचा वेग सेकंदाला ३५० फूट धरला तर ४० यार्ड, म्हणजे १२० फूट, जायला त्याला सुमारे ०.३४ सेकंद लागतात, आणि हवेचा अवरोध सोडून दिला तर तेवढ्या वेळात तो ५८ सेंटीमीटरच्या आसपास खाली येतो. क्रॉसबो दोन्ही बाणांना जवळपास सारखीच ऊर्जा देतो असे मानले, तर वजन जितके टक्के वाढेल साधारण तितकेच टक्के हे खाली येणेही वाढते. ४१० ग्रेनमध्ये ५ ग्रेन म्हणजे १.२ टक्के, आणि ५८ सेंटीमीटरचे १.२ टक्के म्हणजे ७ मिलिमीटर. आपला बाण ४ सेंटीमीटर खाली जातो, तेव्हा वजन हे कारण फार तर पाचव्या हिश्शाचे ठरते. ग्रेनच्या काट्यावर बाण जुळवण्यात लोक रात्री घालवतात, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा असे मला नेहमी वाटते. वजन जुळवणे योग्यच आहे, परंतु २ ग्रेनच्या फरकामागे धावताना मोठा दोष नजरेआड राहू नये.

क्रमांक ४ मध्ये खरी ताठ दिशा सापडली आहे, त्यामुळे तिन्ही पिसांची चाचणी त्याच्यावर करून पाहावी. दोरीचा रेटा मागून येतो आणि पुढचे जड टोक जागेवरून हलायला वेळ घेते, त्यामुळे सुटताना दांडी दोन्ही बाजूंनी दाबली जाऊन वाकते. ती सोपी दिशा निवडून वाकते, आणि ही दिशा इतर बाणांपेक्षा वेगळी पडली की रेल सोडताना बाणाचे शेपूटही वेगळ्या बाजूला असते. ताठ दिशा उभी असावी की आडवी यावर मतभेद आहेत. मी त्या वादात पडत नाही, सर्व बाण सारखे असावेत एवढेच पाहतो. प्रत्येक स्थितीत निदान पाच फेकी कराव्यात, कारण तीन फेकींचा ग्रुप योगायोगानेही सुंदर दिसतो.

क्रमांक ९ साठी गेज बाजूला ठेवावा. दांडीचे पुढचे तोंड काटकोनात कापले गेले आहे का ते पाहावे. तोंडावर काळी शाई लावून सपाट घासणीवर दांडी उभी फिरवली आणि शाई एकाच बाजूची गेली तर तोंड तिरपे आहे. मग इन्सर्टही (टोक बसवण्यासाठी दांडीत चिकटवलेला धातूचा तुकडा) तिरपा बसलेला असतो आणि टोक बाणाच्या अक्षावर राहत नाही.

अर्धचंद्र :

नवे बाण स्वतः बांधणार असाल तर क्रम महत्त्वाचा आहे. मोजणी सुट्या दांडीवरच करावी आणि ताठ दिशेची रेघ पिसे लावण्यापूर्वी आखून घ्यावी, मग खोबणीतील पीस त्या रेघेच्या आधाराने चिकटवावे. दांडी हव्या त्या लांबीपेक्षा मोठी मिळत असेल तर बाक कोठे आहे ते पाहून दोन्ही टोकांकडून कापावी. बाक बहुधा टोकांकडे जास्त असतो आणि मधला भाग सरळ सापडतो. तोंडे घासून काटकोनात आणल्याशिवाय इन्सर्टला डिंक लावू नये.

ॲल्युमिनियमऐवजी पितळी इन्सर्ट घातला की वजन पुढे जाते आणि बाण लवकर स्थिरावतो. २० इंची बाणाचा तोल नॉकच्या खाचेपासून १३ इंचांवर सापडला, तर तो मध्यापासून ३ इंच पुढे, म्हणजे लांबीच्या १५ टक्के पुढे आहे. हा आकडा क्रॉसबोसाठी समाधानकारक आहे. मात्र वाढलेल्या वजनाने वेग कमी होतो, त्यामुळे दुर्बिणीवरील अंतरांच्या खुणा पुन्हा पडताळाव्या लागतील. वजन कमी करण्याच्या मोहात मात्र पडू नये, कारण क्रॉसबोच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान वजनापेक्षा हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामी दोरीच होय.

शरसंधान :

पुन्हा एकदा कळवतो. क्रमांक ९ चे तोंड तिरपेच होते, शाई फक्त अर्ध्या कडेची गेली. इन्सर्ट गरम करून काढताना पहिल्यांदा घाई झाली आणि दांडीवर उष्णता पोहोचेल अशी भीती वाटली, म्हणून नंतर फक्त टोक तापवून हळूहळू ओढला. तोंड घासून नवा इन्सर्ट बसवल्यावर बाण बोटांवर फिरवला तर टोक स्थिर राहते, आणि पंधरा फेकींत तो एकदाही उजवीकडे गेला नाही.

क्रमांक ४ चे तीनही पिसांवर पाच-पाच फेकींनी निरीक्षण केले. पहिल्या स्थितीत तो पूर्वीसारखाच खाली गेला, दुसऱ्या स्थितीत खाली आणि थोडा डावीकडे, आणि तिसऱ्या स्थितीत इतर बाणांच्या ग्रुपमध्ये, फक्त त्यांच्या खालच्या काठाशी. ते ७ मिलिमीटर बहुधा हेच असावेत. बाकीच्या दहा बाणांचे नॉक मी मूळ खुणेवर परत आणले आणि आधी बाहेर गेलेले दोघेही ग्रुपमध्ये परतले.

जुनादोर :

क्रमांक ९ चा इन्सर्ट तापवून काढला आहे, तेव्हा पुढील काही दिवस प्रत्येक फेकीआधी तो बाण दोन्ही हातांनी हलकासा वाकवून कानाजवळ धरा आणि पुढच्या चार बोटांवरून कापूस फिरवून पाहा. करकर ऐकू आली किंवा कापसाचे तंतू अडकले तर तो बाण मोडून टाका, केवळ कोपऱ्यात उभा करून ठेवू नका, कारण कोपऱ्यातला बाण एखाद्या दिवशी चुकून पुन्हा रेलवर येतो.

शरसंधान :

आजच पाहिले. करकर नाही आणि कापूसही अडकला नाही. तरीही त्या बाणावर लाल पट्टी गुंडाळून ठेवली आहे.